टिकली दाराकडे का बघत होती

नमस्कार ताई,

तुमच्या कुत्रीचे, टिकलीचे, मी काढलेले फोटो बघून तुम्ही माझ्या स्टुडिओला दोन स्टार दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत. पंधरापैकी नऊ फोटोंत टिकली कॅमेऱ्याकडे बघतच नाही, फोटो काळपट आहेत, साधा फ्लॅशही वापरला नाही, फ्रॉकमधला एकही फोटो नाही, हसरा फोटो निघूनही दिला नाही, पहिला अर्धा तास मी नुसती जमिनीवर बसून होते, आणि सात दिवस सांगून फोटो सोळाव्या दिवशी मिळाले. ४,५०० रुपये मोजल्यावर या सगळ्याचं उत्तर मागायचा तुम्हाला हक्क आहे. नौपाड्यातल्या माझ्या स्टुडिओत आपलं कुत्रं आणावं की नाही, असा विचार करणाऱ्यांनाही ते वाचता यावं म्हणून इथेच लिहितेय.

उशीर झाला ती सर्वस्वी माझी चूक. दिवाळीच्या तोंडावर झेपतील त्याहून जास्त कामं घेतली आणि तुम्हाला साधा फोनही केला नाही. त्याबद्दल १,००० रुपये आज परत पाठवते.

आता हसऱ्या फोटोबद्दल. तो तुम्ही कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहिलात आणि तुम्हाला फार आवडला होता. पण तो कधीचा आहे आठवतंय का? तुम्ही आलात आणि पाचच मिनिटांत खालच्या गल्लीत कुणीतरी लवंगी माळ लावली, त्याच्या लगेच नंतरचा. तोंड उघडं, जीभ लांब बाहेर, ओठ मागे ताणलेले, म्हणून आपल्याला हसू वाटतं. त्याच फोटोत तिचे कान बघा, डोक्याला चिकटलेत. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय. खेळून आलेलं कुत्रंही जीभ बाहेर काढतं, पण त्याचे कान आणि डोळे सैल असतात. टिकली घाबरली होती. तिच्या भीतीचा फोटो तुमच्या हॉलच्या भिंतीवर हसू म्हणून लागावा, हे मला करवलं नाही. मात्र हे मी तिथेच, तुम्हाला स्क्रीन दाखवताना बोलायला हवं होतं. न सांगता फोटो वगळला, म्हणून तुम्हाला वाटलं मी तो विसरले.

अर्धा तास जमिनीवर बसले तेही याचसाठी. मी तिच्याकडे पाठ करून, उकडलेल्या चिकनचा डबा शेजारी ठेवून बसले होते. आधी ती जांभया देत होती, सारखी नाक चाटत होती. कुत्रं अवघडलं की असं करतं, झोप किंवा भूक असेलच असं नाही. विसाव्या मिनिटाला तिने माझ्या कोपराचा वास घेतला आणि मग कॅमेऱ्याचा पट्टा चाटला. तिथून पुढचे फोटो मला मिळाले. चूं-चूं वाजणारं खेळणं मी मुद्दाम काढलं नाही. एरवी त्याच्या एका आवाजावर कुत्रं मान तिरकी करतं आणि फार गोड फोटो येतो, पण फटाक्याने दचकलेल्या जिवाला आणखी एक नवा आवाज ऐकवायचा नव्हता.

फ्लॅशचं कारणही थोडंफार तेच. शिवाय कुत्र्याच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो. रात्री रिक्षाच्या दिव्यात गल्लीतल्या कुत्र्यांचे डोळे चमकतात ना, समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये तसंच होतं. काळपटपणाचं मात्र पुन्हा तपासलं. टिकली काळीभोर. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं, त्यामुळे काळं कुत्रं फ्रेमभर असलं की ते फोटो उजळवून टाकतं. मग टिकली राखाडी होते आणि कपाळावरचा पांढरा ठिपका, ज्यावरून तुम्ही तिचं नाव ठेवलंत, तो जळून जातो. म्हणून मी मुद्दाम गडद ठेवते. पण चौथ्या आणि अकराव्या फोटोत माझा हात जास्तच गेला, डोळे हरवलेत. तिथे तुमचं बरोबर आहे. ते दोन्ही नव्याने करून परवापर्यंत पाठवते.

फ्रॉक तुम्ही पैठणीच्या काठाचा खास शिवून आणला होता. अंगात घालताच ती शेपूट पायात घालून पुतळ्यासारखी उभी राहिली, म्हणून मी दोन मिनिटांत काढायला लावला. तो निर्णय मी आजही तोच घेईन. पण त्याच काठाचा रुमाल तिच्या गळ्यात सैल बांधता आला असता. ते त्या दिवशी सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

राहिलं तिचं दाराकडे बघणं. तुमचं वाचल्यावर ते नऊही फोटो मी एकेक करून पाहिले. मी जमिनीवर पालथी पडून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेत, कान पुढे, मान किंचित लांब. माझ्या मते टिकली खरी त्या नऊ फोटोंतच आहे. तुम्हीच सांगितलं होतंत की घरात आई या खोलीतून त्या खोलीत गेल्या तरी ती उठून मागे जाते. त्या दिवशी आई दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. आणि त्यांना तिथे बसवलं कोणी? मी. खोली लहान, माणसं कमी असावीत म्हणून. जिच्याकडे ती दिवसभर बघत असते तिलाच मी बाहेर ठेवलं, आणि मग ती कॅमेऱ्याकडे बघणार कशी? हे मला तुमचा अभिप्राय वाचून कळलं.

पुन्हा एकदा फोटो काढू या, त्याचे पैसे नकोत. तुळशीची लग्नं आटोपून फटाके थांबले की मी तुमच्याच घरी येते, सकाळी, खिडकीतून ऊन येतं त्या वेळी. तो काठ उसवून रुमाल करून ठेवाल का? आईंना माझ्या शेजारी, अगदी लेन्सला लागून बसायचंय. त्यांना सोयीचा वार विचारून मला स्टुडिओच्या नंबरवर कळवा.