डोकेदुखीचा विनोद आणि आमच्याकडची मटकी

आज सकाळी पोळ्या लाटत असताना शाळेच्या ग्रुपवर एक विनोद येऊन पडला. दहावी अ, १९९१ ची बॅच. विनोद तोच, आपल्या वडिलांच्या वेळचा. नवरा रात्री बायकोच्या हातावर डोकेदुखीची गोळी ठेवतो, ती म्हणते अहो, माझं डोकं कुठे दुखतंय, आणि तो म्हणतो, सापडलीस! खाली चौतीस हसरे चेहरे. त्यातले सोळा बायकांचे. हात धुऊन आले आणि मोजले.

मग मी लिहिलं, 'आमच्याकडे डोकं त्याचं दुखतं.'

बावीस मिनिटं ग्रुपवर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. एरवी ह्या ग्रुपवर गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत चाळीस मेसेज येतात. मग कोणीतरी कमळाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हटलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडून कमळाला नमस्कार केले.

माझं डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय. माझ्या लिस्टमधली माणसं समजूतदार आहेत असं धरून चालतेय. ज्यांना 'शी, असलं काय लिहिते' वाटेल त्यांनी कमळाला नमस्कार करून पुढे जावं.

तर मटकीची गोष्ट.

चार वर्षांपूर्वी मुलगा पुण्याला हॉस्टेलला गेला. सासूबाई नणंदेकडे. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच त्या घरात आम्ही दोघंच. रात्री मी अंघोळ करून आले. नवा गाऊन, फडके रोडवरून घेतलेला, भावात घासाघीस न करता. नवरा कपाटाकडे तोंड करून पडला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो हलला नाही. गाढ झोपला असेल म्हणावं, तर घोरत नव्हता. ह्या माणसाचं घोरणं खालच्या मजल्यावरच्या काकूंनासुद्धा माहीत आहे. झोपला की दोन मिनिटांत इंजिन सुरू. त्या रात्री नुसता श्वास. आत, बाहेर, आत, बाहेर, अगदी मोजूनमापून, शवासनातल्यासारखा.

मी हात काढून घेतला. स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला आणि पावणेबारा वाजता मटकी भिजत घातली. मटकी करायची काहीही योजना नव्हती. हाताला काहीतरी काम हवं होतं. दोन दिवसांनी उसळ पुढ्यात आली तेव्हा हा म्हणतो, "आज मटकी कशी काय?" मी म्हटलं, "असंच."

पुढचे सात महिने आमच्याकडे अशी बरीच मटकी झाली.

आता सांगा, ह्यावर कुठला विनोद आहे? नवऱ्याला नको आणि बायकोला हवं, ह्यावर माझ्या तरी ऐकण्यात चावट गाणं नाही, म्हण नाही, चुटका नाही. कारण ती बाई मुळात असूच शकत नाही. बाई म्हणजे जिला नको असतं, जी शेवटी 'बरं' म्हणते ती. मी सात महिने आरशासमोर उभी राहून स्वतःचा हिशेब मांडत होते. केस रंगवले. रात्रीचा भात सोडला. त्याचा फोनसुद्धा तपासला, लपवत नाही. सापडलं काय, तर ७.५२ च्या लोकलचा ग्रुप आणि शेअर बाजाराच्या टिपा. त्या दिवशी मला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. दुसरी कोणी असती तर निदान कारण तरी कळलं असतं!

कोणाला सांगणार? आईला? बहिणीला हळूच सांगायला गेले तर ती म्हणाली, "नशीबवान आहेस, सुटलीस." तिच्यापुरतं तेही खरंच असेल.

दुपारी ग्रुपवर एकाने वर आणखी तारे तोडले. म्हणे, 'गंमत सोडा, पण नवऱ्याचा तो हक्क असतो.' हक्क! अरे, ह्याच मुंबईत रखमाबाईला कोर्टाने १८८७ साली सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. लहानपणी लावून दिलेलं लग्न. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली. त्याला जवळजवळ एकशे चाळीस वर्षं होतील आणि आमच्या वर्गातला पुढच्या बाकावरचा मुलगा अजून हक्काचं बोलतो. त्याचा दोष तरी किती म्हणा, हिंदू विवाह कायद्यातलं कलम ९ अजून तसंच आहे. 'वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना' म्हणतात त्याला. शब्द ऐकून गणपतीची मूर्ती पुन्हा बसवतायत असं वाटतं.

आणि हक्क म्हटला तर मग मलाही आहे की! मी त्या रात्री त्याला हलवून उठवायचं होतं का, हक्क आहे म्हणून?

बरं. चहा घेऊन आले. जरा शांत झाले.

मूळ मुद्दा असा की दोन माणसांची भूक एका वेळी, एकाच मापाची लागत नाही. जेवणाची लागत नाही तर ही कशी लागेल? आमच्याकडे तर उलटसुलट झालंय. लग्न झालं तेव्हा आम्ही परळच्या चाळीत, दहा बाय अठराच्या खोलीत. सासू, सासरे, नणंद खाली, आम्ही पोटमाळ्यावर. शिडीची तिसरी पायरी करकरायची, ती गाळून वर चढायचं. वर ताठ बसता यायचं नाही, पत्रा डोक्याला लागायचा. बांगड्या काढून उशीखाली. त्या माळ्यावर आम्हाला एकमेकांची जेवढी ओढ होती, तेवढी डोंबिवलीच्या दोन बेडरूमच्या घरात कधी आली नाही. इथे दाराला आतून कडी आहे. कडी लावायचं कारणच उरलं नव्हतं.

सात महिन्यांनी कोंडी फुटली ती डॉक्टरांकडे. ह्याची शुगरची नेहमीची तपासणी, मी सोबत. डॉक्टर रिपोर्ट बघता बघता म्हणाले, "बाकी सगळं ठीक?" हा म्हणाला, "ठीक." आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही."

बस्स, एवढंच. पुढचं मला बोलताच आलं नाही. पण डॉक्टर जुने, त्यांना कळलं. मला बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटं मी वेटिंग रूममध्ये दातांच्या जाहिरातीतल्या बाळाकडे बघत बसले.

तेव्हा जे कळलं ते सांगते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं. मधुमेह अंगात मुरला की नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही पोखरतो, आणि पुरुषाची अडचण तिथून सुरू होऊ शकते. बीपीच्या काही गोळ्या, जुन्या बीटा-ब्लॉकर जातीच्या, त्यात भर घालू शकतात. ह्याची गोळी डॉक्टरांनी बदलली. (स्वतःच्या मनाने बंद करू नका हो, बीपी उसळतं.) आणि तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे आत कचरा साचत असला तर कधीकधी तिथे आधी कळतं. म्हणून हृदयाचीही तपासणी करायला लावली. मी सात महिने केस रंगवत बसले होते आणि प्रश्न होता रक्तवाहिन्यांचा!

आणि कृपा करून ती निळी गोळी, व्हायग्रा, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नका. छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब असा कोसळतो की जीव जाऊ शकतो. बायकांच्या अडचणींवरही इलाज असतो. पाळी जाताना कोरडेपणा येतो, दुखतं, त्यावर लावायचं मलम असतं, स्त्रीरोगतज्ज्ञ लिहून देतात. नैराश्याच्या काही गोळ्यांनी इच्छा मावळू शकते, त्या गोळ्याही बदलून मिळू शकतात. माझ्या एका मैत्रिणीने सहा वर्षं दात आवळून काढली, कारण 'ह्या वयात हे काय विचारायचं.' र. धों. कर्वे १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून ह्याच विषयांवर लिहीत होते. वाचकांनी विचारलेल्या असल्याच प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून खटला झाला, १९३४ साली, आणि बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. एवढं सगळं होऊन आपण डोकेदुखीच्या गोळीवर हसतोय.

पण गोळी बदलून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. गोळी बदलल्यावर खरं भांडण झालं.

जिन्यात. लिफ्ट बंद होती, दोन्ही हातांत पिशव्या. दुसऱ्या मजल्यावर मी थांबले आणि विचारलं, "त्या रात्री जागा होतास ना?" कुठली रात्र ते त्याने विचारलं नाही. म्हणाला, "हो." थोड्या वेळाने म्हणाला, "तू हात ठेवलास की मला पेपर हातात आल्यासारखं वाटतं. आणि अभ्यास झालेला नसतो."

मला रडू आलं, आणि रागही. मी म्हटलं, "मग बोलायचं होतंस. सोंग कशाला घ्यायचं?"

तर तो म्हणतो, "तू पण घ्यायचीस. २००५ मध्ये."

तिथेच पायरीवर बसले. कारण खरं होतं ते. मुलगा आठ महिन्यांचा, दिवसभर अंगाला चिकटलेला, रात्री कोणाचं बोटसुद्धा नको वाटायचं. हा वर आला की मी बाळाला कुशीत ओढून भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटलं होतं ह्याला कळत नाही. तो म्हणाला, "झोपलीस की तू दात खातेस. तेव्हा खात नव्हतीस." तेवढं समजून तो पुन्हा शिडी उतरून खाली जायचा, गॅलरीत उभा राहायचा. एका शब्दाने बोलला नाही. मी तेव्हा त्याला समजूतदार नवरा म्हणायचे. आणि सोळा वर्षांनी माझ्यावर तीच वेळ आली तर मी त्याला काय काय म्हणत होते!

म्हणजे त्या सोळा बायका हसल्या त्यात कदाचित २००५ मधली मीही हसले असते. बरं, मान्य. पण तो विनोद मला आवडलेला नाही तो नाहीच.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगते. उपदेश म्हणून घेऊ नका, ज्याचं त्याने बघावं. एक, नको असेल तर तोंडाने 'नको' म्हणायचं. झोपेचं सोंग बंद. आणि 'नको' म्हणणाऱ्याने पुढचा वार सांगायचा. हे त्याने काढलं, बँकेतला माणूस, त्याला तारखेशिवाय चैन पडत नाही. "आज नको, शनिवारी" असं ऐकल्यावर मला मटकी भिजत घालावीशी वाटत नाही. मग दुसरं, आणि हे मला पचायला जड गेलं. त्याने माझा हात धरणंसुद्धा सोडलं होतं. रस्ता ओलांडताना, टीव्ही बघताना. कारण हात धरला तर मला काहीतरी अपेक्षा होईल अशी त्याला धास्ती. म्हणजे एक गोष्ट जमत नाही म्हणून दहा गोष्टी बंद. मी त्याला शब्द दिला की पाठीवरचा हात हा नुसता पाठीवरचा हात असेल. तो शब्द पाळणं सोपं नाही. तीनदा मोडलाय.

शनिवारी दुपारी सासूबाई भजनी मंडळात जातात. आम्ही कडी लावतो. कधी काही होतं, कधी नुसतं पाय दाबून देणं होतं, कधी हा खरोखरच झोपतो आणि मी छताकडे बघत पडते. मला अजूनही त्याच्यापेक्षा जास्तच हवं असतं, पाळी जाऊन दीड वर्ष झालं तरी. ती तूट काही भरून आलेली नाही आणि बहुतेक येणारही नाही. काही शनिवारी त्याचं मला वाईट वाटतं. पूर्ण दुपारभर वाटतं.

कोणी म्हणेल आम्ही ह्याशिवायच सुखात आहोत. असाल, दोघंही असाल तर छानच. आणि ज्या घरात 'नको' म्हटल्यावर हात उगारला जातो, तिथे हे असलं वार ठरवणं वगैरे काही कामाचं नाही, तिथला इलाज वेगळा आणि तो मला पोस्टमध्ये लिहिता येणार नाही.

हे सगळं पोस्ट करण्याआधी नवऱ्याला वाचून दाखवलं. अर्ध्यावर तो लाजून पाणी प्यायला गेला. परत येऊन म्हणाला, माझ्या शुगरचा आकडा काढ आणि काकूंचं नाव काढ. दोन्ही काढले. बाकी राहू दे म्हणाला.

जाता जाता एक. दुपारी मला दोन खाजगी मेसेज आले. एक वर्गातल्या मैत्रिणीचा, नुसता 'अगं' एवढाच, पुढे काही नाही. दुसरा त्याचा, ज्याने सकाळी विनोद टाकला होता. आधी सॉरी म्हणाला. मग बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. शेवटी विचारलंन, 'तुमचे ते डॉक्टर रविवारी बसतात का?'

बसतात की नाही ते मला माहीत नाही, नवऱ्याला विचारायला हवं. पण त्याचं इंजिन सुरू होऊन दहा मिनिटं झालीत. सकाळी विचारते.