बांगड्या आधी उतरवा

भाजल्यावर काय करावं यावरच्या तुमच्या लेखात 'फोड फोडू नका' हे ठासून सांगितलंत, फार बरं केलंत. पण हात भाजला की अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या, हे कुठेच नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं. माझ्या जावेच्या मनगटावर चकल्या तळताना तेल उडालं. घरात हळद लावायची की टूथपेस्ट यावर वाद चालला होता, तोवर मनगट सुजलं आणि पाटली रुतून बसली. तिच्या कडेलाच टपोरे फोड. दवाखान्यात पाटली कापावी लागली, त्यात फोडाची साल निघाली आणि खालची लालभडक, ओली कातडी उघडी पडली. भाजण्यापेक्षा तो त्रास जास्त झाला.

शिवाय लेखातल्या 'थंड पाणी लावा' एवढ्याने भागत नाही. नळाच्या धारेखाली २० मिनिटं धरायचं, बर्फ अजिबात नको. भाजल्यापासून ३ तासांच्या आत केलं तरी फायदा होतो. फोडांची जागा तळहातापेक्षा मोठी असेल किंवा चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. कातडी पांढरट पडून दुखेनाशी झाली असेल तर जखम खोल असते. लोक मात्र 'दुखत नाही ना, मग झालं' म्हणून गप्प बसतात. हे कृपया लेखात घाला.