पावसाच्या रेघा कोणी कोरल्या?

व्हॅन गॉगचं भर पावसातल्या पुलाचं चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. १८८७ साली पॅरिसमध्ये त्याने ते हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या, लाकडी ठशाने छापलेल्या १८५७ च्या चित्रावरून रंगवलं. काल रात्री दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून बराच वेळ बघत बसले होते. लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

हिरोशिगेचा पाऊस म्हणजे केसासारख्या बारीक काळ्या रेघा. लाकडी ठशात रेघ कोरत नाहीत, ती राखतात. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं आणि मधली रेघ उभी ठेवायची. हात जरा घसरला की तुटलीच! आणि वरचा तो काळा ढग छापणाऱ्याने ओल्या ठशावर रंग हातानेच फिका करत आणलाय, म्हणून प्रत्येक प्रतीत तो थोडा वेगळा उतरतो. रेखाटलं एकाने, कोरलं दुसऱ्याने, छापलं तिसऱ्याने, पैसे घातले प्रकाशकाने. आपण ‘हिरोशिगेचं चित्र’ म्हणून मोकळे होतो.

युरोपचं जपानवेड खरं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. फ्रेंच चित्रकार मोनेच्या जिव्हेर्नी गावातल्या घरात भिंतीच्या भिंती अशा जपानी चित्रांनी भरल्या होत्या. व्हॅन गॉगने तर हातात पैसा नसताना शेकडो चित्रं जमवली. पण ‘पाश्चात्त्यांनी जपानी कला शोधून काढली’ असं कुणी लिहिलं की मला राग येतो. एदो शहरातली (म्हणजे आजच्या टोकियोतली) साधी माणसं ही चित्रं कधीपासून विकत घेत होती. आणि होकुसाई या जपानी चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रातला निळा रंग तर प्रशियन ब्लू, मूळचा बर्लिनचा! देवाणघेवाण आधीपासूनच चालू होती.

मला खरी टोचते ती व्हॅन गॉगच्या चित्राची चौकट. मूळ चित्रात नसलेली जपानी अक्षरं त्याने चारी बाजूंनी रंगवली, दुसऱ्या चित्रांवरून उतरवून. त्याला ती वाचता येत नव्हती. जपानी माणसासाठी ते शब्द होते, त्याच्यासाठी नक्षी. इतकं प्रेम करणाऱ्या माणसालाही त्यांचा अर्थ कुणाला विचारावासा वाटला नसेल का?

माझी भाची ॲनिमेवेडी, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची वेडी आहे. भाग संपून नावं वर सरकू लागली की पुढचा भाग आपोआप सुरू होतो. आज तिला म्हटलं, “थांबव गं जरा.” तिने थांबवलं. पडदाभर नावं होती, सगळी जपानीत.

“आत्या, यातलं चित्रं काढणाऱ्यांचं नाव कुठलं?”

आम्ही दोघी एकेक ओळ फोनवर भाषांतर करून बघत बसलो.