“वर गुरुत्वाकर्षण नसतं” हे सांगणं थांबवूया

गगनयानावर, म्हणजे भारताच्या माणसांना अंतराळात नेणाऱ्या मोहिमेवर, शाळेत, वाचनालयात किंवा गणेश मंडळाच्या मांडवात बोलायला उभं राहणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. “वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात” हे वाक्य कृपा करून वापरू नका.

भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये ज्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिले, ते जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. आपल्याला सोलापूरहून मुंबईला रस्त्याने जाताना जवळपास तेवढंच अंतर पडतं. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ८८ टक्क्यांहून जास्त असते. ओढ नसती तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलंच नसतं, सरळ निघून गेलं असतं.

मुलं तरंगण्याचा व्हिडिओ बघतात, टाळ्या वाजवतात आणि चुकीची समजूत घेऊन घरी जातात. याचं वाईट वाटतं, कारण खरं कारण दाखवायला प्लास्टिकची एक बाटली पुरते.

एक लिटरची बाटली घ्या. तळापासून दोन बोटं वर साधारण ५ मिलिमीटरचं भोक पाडा. तापवलेल्या खिळ्याने कड साफ येते, फक्त हे काम मोठ्यांनीच करावं. भोक फार बारीक राहिलं तर पाणी नुसतं ठिबकतं आणि मागच्या रांगेला काही दिसत नाही. पाण्यात थोडी नीळ टाका. झाकण काढलेलंच हवं. ते राहिलं तर वरून हवा आत जात नाही, धार मुळातच लागत नाही आणि प्रयोगाचा अर्थ जातो.

आता पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, सुमारे ४ मीटरवरून, धार चालू असताना बाटली सोडा. खाली माणसं नकोत, ओली गोणपाटं अंथरा. सोडताना हाताला पीळ बसला की बाटली गरगरते आणि पाणी बाहेर भिरकावलं जातं. पडायला जेमतेम ०.९ सेकंद लागतात, तेवढ्यात डोळ्याला काही पकडता येत नाही. म्हणून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन घ्या, तेच दृश्य सातेक सेकंद चालतं. हातातून सुटताच धार थांबलेली दिसते. पाणी आणि बाटली बरोबरच पडतात, त्यामुळे पाण्याचा बाटलीवर दाब उरत नाही.

पुढची पायरी मात्र गाळू नका, सगळा अर्थ तिच्यात आहे. मैदानात जाऊन बाटली सरळ वर उडवा. वर जातानाही धार बंदच! म्हणजे तरंगण्याचा उंचीशी संबंध नाही. हाताचा आधार सुटला, की ते सुरू होतं.

यानंतर स्थानकाचे आकडे सांगितले की ते मुलांच्या डोक्यात बसतात. ते एका सेकंदात सुमारे ७.६६ किलोमीटर पुढे जातं आणि त्याच सेकंदात ४.३ मीटर पृथ्वीकडे पडतं. पृथ्वीचा गोलावाही त्याच्या वाटेखाली नेमका तेवढाच वळतो, म्हणून ते पडतच राहतं आणि जमिनीला लागत नाही.

चांद्रयान-३ बद्दलही हीच काळजी घ्या, ते चंद्राच्या “दक्षिण ध्रुवावर” उतरलं असं म्हणू नका. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरलं. तिथून ध्रुव अजून सहाशेहून अधिक किलोमीटर लांब आहे. “ध्रुवाजवळच्या प्रदेशात” म्हटल्याने पराक्रम तसूभरही कमी होत नाही.

स्थानक लोकांना दाखवायचं असेल तर सूर्यास्तानंतरचा तास-दीड तास धरा आणि त्या दिवशीची वेळ व दिशा आधी बघून ठेवा. ते न लुकलुकता साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातं, जास्तीत जास्त पाच-सहा मिनिटं दिसतं. कधीकधी आकाशाच्या मध्यावरच विझतं, कारण ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. हे आधीच सांगा, नाहीतर लोकांना ते विमान वाटतं.

आणि हा कार्यक्रम फक्त मराठीत नको. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी घरं आहेत. त्या भाषेतला एखादा शिक्षक शेजारी उभा करा आणि बाटली त्याच्याच हातात द्या.