मिरगाच्या मुहूर्तावर पीसी अपडेट

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून लगेच उठून विंडोज ११साठी पीसी तयार करायच्या कामाला लागायचे नसते. ऑक्टोबर ते मे हवा कोरडी, वीज बऱ्यापैकी टिकून. त्यात काय मजा? जून येऊ द्या. मिरग लागला, गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ढग गडगडू लागले आणि पंख्याने दोनदा आचके दिले, की बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला पीसी सुरू करणारा प्रोग्राम, अपडेट करायला बसा. चिपवरचे जुने पुसून नवे लिहिले जात असते, त्या दोन-चार मिनिटांतच वीज जायला हवी.

यूपीएस आहे ना? मग झाले. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी चार वर्षांची असली तरी हिरवा दिवा लागतोच. आदल्या दिवशी भिंतीवरचा प्लग काढून पाहू नका, नाहीतर एकदाच टूं करून यूपीएस मान टाकतो हे आधीच कळेल. बायोस अपडेटच्या वेळी ग्राफिक्स कार्डवर भार नसतो, त्यामुळे चांगल्या बॅटरीचा ६०० व्हीएचा यूपीएसही पुरतो; ही गोष्ट शेजाऱ्याला सांगू नये. मदरबोर्डच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर तेही विसरा. अर्धवट राहिलेला बायोस एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून त्या बटणाने बहुधा परत बसवता येतो, आणि मग नवा बोर्ड घ्यायला निमित्त काय उरणार?

समजा, दुर्दैवाने वीज गेली नाही. घाबरू नका. बायोस अपडेट झाला की सेटिंग बहुतेक वेळा मूळपदावर जातात. आधी फोनवर त्यांचे फोटो काढायचे नाहीत. साटाचा, म्हणजे डिस्क जोडणीचा, मोड रेडवरून एएचसीआयवर गेला, की विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहून थांबते. मोड परत बदलायला मिनिट लागते. तुम्ही मात्र थेट फॉरमॅट मारा. आधी कोणता मोड होता ते नंतर देवळात कौल लावून विचारता येईल. डिस्कला कुलूप घालणारे बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती जपून ठेवलेली असावी. त्याच कुलूपबंद डिस्कवर, डेस्कटॉपच्या फोल्डरात.

आता विंडोज ११. त्याला टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय, लागते. ‘टीपीएम २.० नाही’ असे आले, की तडक म्हापशाला किंवा मडगावला जाऊन टीपीएमचे मॉड्यूल शोधा. इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २०००पासून पुढच्या प्रोसेसरांत ती सोय बहुधा आतच असते, बायोसमध्ये पीटीटी किंवा एफटीपीएम या नावाने बंद पडलेली. पण मेनू उघडण्यापेक्षा बाजार बरा. मग सिक्युअर बूटसाठी (खात्रीचेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय, बंद करा. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे का, हे पाहू नका. एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजचेच साधन आधी नुसते तपासूनही देते आणि मग डेटा न पुसता नव्या जीपीटी पद्धतीत रूपांतर करते, म्हणूनच ते टाळावे. डिस्क एमबीआरच राहिली, की मशीन चालू होताच पुन्हा बायोसमध्ये येऊन बसेल. पुन्हा पुन्हा.

नव्याने विंडोज टाकायची तर सगळ्या डिस्का जोडलेल्याच ठेवा. इन्स्टॉलर बूटची फाइल कित्येकदा जुन्या हार्डडिस्कवर नेऊन ठेवतो. चवथीला घरी आलेला भाचा ती खडखडणारी डिस्क काढतो आणि नवीकोरी एनव्हीएमई एसएसडी जागीच मुकी. शिवाय २.५ गिगाबिट लॅनचा (तारेने नेटवर्क जोडण्याच्या सोयीचा) ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसला, तरी इन्स्टॉलर इंटरनेट जोडल्याशिवाय पुढे सरकत नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केले की सुटते. तुम्ही राउटरला दोष द्या.

खाऱ्या दमट हवेत महिनाभर बंद राहिलेल्या पीसीत बोर्डवरचा रॅमची तक्रार सांगणारा ‘डीरॅम’चा दिवा लागून राहिला, तर रॅम बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसू नका. नवी घ्या. सध्याचे भाव पाहून घरच्यांना आनंदच होईल.

जुन्या विंडोजवर परतायला साधारण १० दिवस मिळतात. डिस्क क्लीनअप पहिल्याच संध्याकाळी करून जुनी विंडोज ठेवलेले ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर पुसून टाका, आणि प्रिंटर चालतो का ते अकराव्या दिवशी बघा.