हबवरच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की हब (अनेक कॉम्प्युटर केबलने एका नेटवर्कला जोडणारा डबा) मेलेली वस्तू आहे, त्याचा फायदा कधीच नव्हता, आणि 'छोट्या ऑफिसला हब स्वस्त पडतो' असं लिहून मी पोरांची दिशाभूल केली. ते वाक्य चुकलंच माझं. साधा 8 पोर्टचा स्विच (असाच डबा, पण ज्याचा डेटा त्यालाच पोचवणारा) आज इतका स्वस्त झालाय की हब घ्यायला कारणच उरत नाही. वाक्य काढलंय.

पण 'फायदा कधीच नव्हता' हे नाही पटत. मी भुसावळला एका क्लासची लॅब सांभाळायचो, तिथं आधी कोएक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी जाड केबल) एका मशीनवरून दुसऱ्यावर अशी फिरवलेली होती, दोन्ही टोकांना 50 ओहमचे टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परत उलटू नये म्हणून लावायच्या टोप्या). कोणाचा पाय लागून टी कनेक्टरजवळ (मशीन केबलला जोडायचा जोड) केबल सुटली की अख्खी लॅब बंद, मग मे महिन्याच्या उकाड्यात टेबलाखाली रांगत एकेक जोड चाचपायचा. हब आल्यावर केबल गेली तर तेवढं एकच मशीन जायचं, त्या पोर्टचा लाईट विझलेला दिसला की समजलं. ज्याने ते रांगणं केलंय त्याला हबची किंमत कळते.

तोटे मात्र मी लेखात घाईत उरकले, हे खरंय. डेटा कोणत्या मशीनसाठी आहे तो पत्ता हबला बिलकुल कळत नाही, एका पोर्टवर आलेला सिग्नल बाकी सगळ्या पोर्टवर सोडायचा एवढंच त्याचं काम. जंक्शनवरची अनाउन्समेंट सगळ्यांना ऐकू येते, उठतो फक्त ज्याची गाडी आहे तो, तसंच. त्यामुळे 10 एमबीपीएसचा वेग सगळ्यांत मिळून एकच, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं सोबत बोलले की कोलिजन (सिग्नलची टक्कर), मग दोघांनी थोडं थांबून परत पाठवायचं. 650 एमबीची सीडी एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी करायला एकट्यालाच कमीत कमी 9 मिनिटं, आणि तेवढ्यात दुसऱ्या दोन मशीनमध्ये कॉपी सुरू झाली की कोलिजनचा लाईट लुकलुकायला लागायचा आणि दोघांचंही रडगाणं. स्विचवर या दोन जोड्या एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. शिवाय हबवर कोणीही बसून दुसऱ्याचा डेटा पकडू शकतो, ऑफिससाठी हे एकच कारण पुरे आहे.

पण शिकवताना हीच गोष्ट कामाची पडते ना भाऊ! स्विचवर दुसऱ्याचं ट्रॅफिक बघायला पोर्ट मिररिंगवाला (एका पोर्टचा डेटा दुसऱ्यावरही दाखवणारा) मॉडेल लागतो, हबला लॅपटॉप लावून वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू केलं की समोरच्या दोन मशीनचं बोलणं पोरांना डोळ्यासमोर दिसतं. आणि घरचं वायफाय घ्या, तिथं आजही एका चॅनलवर सगळ्यांनी बहुतेक वेळा पाळीपाळीनेच बोलायचं असतं, म्हणून पाहुणे आले की व्हिडिओ अडकतो. ज्या पोराने हब पाहिलाय त्याला हे पटकन समजतं.

माझ्याकडचा जुना हब अजून चालतो. जळगावकडे आलात तर सांगा, दोन लॅपटॉप लावून सोबत बघू.