हसवणाऱ्याचं कुठवर ऐकायचं?

26 जून हा अमली पदार्थविरोधी दिन. लातूरकडच्या आमच्या जुन्या कॉलेजात यंदा त्या दिवशी बोलायला कुणाला बोलवायचं, यावरून माजी विद्यार्थ्यांत जुंपली आहे. एका गटाला मोबाईलवर गाजलेला, आपल्याच भागातला एक विनोदवीर पाहिजे. 'पोरं त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत,' हा त्यांचा मुद्दा. दुसरा गट चिडलाय: 'नकला करणारा माणूस डिप्रेशनवर अन् गोळ्यांवर काय बोलणार? डॉक्टर बोलवा.' मी टेक्सासात ऑस्टिनजवळ राहतो, कॉम्प्युटरवर पोट भरतो. दोन्ही गटांनी मला मध्ये ओढलंय, 'तिकडं कसं चालतं ते सांग' म्हणून.

तर तिकडचं ऐका. जो रोगन हा मूळचा स्टँडअप कॉमेडियन. 2020 साली तो टेक्सासात आला, 2023 ला ऑस्टिनच्या सिक्स्थ स्ट्रीटवर त्याने स्वतःचा कॉमेडी क्लब काढला. पण त्याचं खरं वजन त्याच्या पॉडकास्टमध्ये आहे. तीन-तीन तासांच्या गप्पा, आणि त्यात कुस्तीपासून कोविडपर्यंत काहीही. जानेवारी 2025 मध्ये त्याच्याकडे टेक्सासचे माजी गव्हर्नर रिक पेरी आले आणि आयबोगेनवर बोलले. आयबोगेन म्हणजे आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या मुळीतून निघणारं द्रव्य. अफूवर्गातल्या व्यसनातून सुटायला आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक जखमांना ते उपयोगी पडेल, अशी आशा लावून बसलेले लोक बरेच आहेत. त्याने हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ते बंदी असलेल्या यादीत आहे. त्याच वर्षी जूनमध्ये टेक्सासने आयबोगेनच्या संशोधनाला 5 कोटी डॉलर देणारा कायदा केला. रुपयांत सव्वाचारशे कोटींच्या आसपास. हे एका पॉडकास्टमुळे झालं असं कुणी म्हणू नये. माजी सैनिकांच्या संघटना आधीपासून मागे लागल्या होत्या. पण आमच्या ऑफिसातल्या लोकांना आयबोगेन हा शब्द कुठल्या डॉक्टरने शिकवला नाही, रोगनने शिकवला. कॅन्टीनमध्ये लोक त्यावर असे बोलतात, जसं आपल्याकडं पारावर कापसाच्या भावावर बोलतात.

एवढं ऐकून डॉक्टरवाला गट खूश होईल. थांबा जरा.

मॅथ्यू पेरी. आडनाव तेच, माणूस वेगळा. जगभर गाजलेल्या एका विनोदी मालिकेतला नट. दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात त्याची उमेदीची वर्षं गेली. पुढे तो त्यावर उघड बोलायला लागला, मालिबूतल्या आपल्या घरात त्याने व्यसनातून सुटू पाहणाऱ्या पुरुषांसाठी राहायची सोय केली, आणि 2013 साली व्हाइट हाउसच्या अमली पदार्थ धोरण कार्यालयाने त्याचा सन्मान केला. 28 ऑक्टोबर 2023 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी, तो गेला. शवविच्छेदनात मुख्य कारण निघालं केटामाइन या भुलीच्या औषधाचा तीव्र परिणाम. पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये पाच जणांवर आरोप ठेवले गेले आणि त्यांतले दोघे डॉक्टर होते. 'हा मूर्ख किती पैसे मोजेल,' अशा अर्थाचा मेसेज एका डॉक्टरने दुसऱ्याला पाठवल्याचं आरोपपत्रातच आहे. आता यात विश्वासाचा कोण ठरला? पदवीवाला की नकलाकार?

'शेवटी मेलाच ना त्यातच, मग त्याच्या बोलण्याला काय किंमत?' असं आमच्यातल्या एकाने लिहिलं. मला ते पटत नाही. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. पाच वर्षं कोरडा राहिलेला माणूस सहाव्या वर्षी घसरला म्हणून त्या पाच वर्षांत तो जे बोलला ते खोटं होत नाही.

आणि केटामाइन काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. पेरी गेला त्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने संभाजीनगर आणि पैठणमध्ये छापे टाकले. कोकेन, मेफेड्रोन (म्हणजे एमडी) आणि केटामाइन सापडलं. पैठण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तयार होत होता. माझ्या लहानपणी पैठण म्हणजे नाथषष्ठी, पैठणी आणि जायकवाडी. 2025 च्या सुरुवातीला तुळजापूरचं एमडी प्रकरण उघडं पडलं, त्यात आरोपींमध्ये पुजाऱ्यांचीही नावं आली. संभाजीनगरात झोपेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात, हे तर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. 'आपल्याकडं फक्त देशी अन् तंबाखू' म्हणणाऱ्यांनी जरा पेपर वाचावा.

विश्वासाचा प्रश्न मी असा सोडवतो. विनोदवीर जोवर 'मला काय झालं' ते सांगतोय, तोवर त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. तो 'तुम्ही काय घ्या, काय सोडा' सांगायला लागला की त्याला विचारायचं, बाबा, हे कुठं शिकलास? रूबी वॅक्स ही ब्रिटनमधली विनोदी कलाकार नैराश्यातून गेली, मग तिने 2013 ला ऑक्सफर्डमधून ध्यानाधारित मानसोपचारात मास्टर्स केलं. तिला हा प्रश्न विचारला तर तिच्याकडे उत्तर आहे. बहुतेकांकडे नसतं. आणि 'हसवणारा आतून रडत असतो, म्हणून त्याला मन कळतं' हे जे आपण गोड मानून घेतो, तेही तपासून घ्यावं. अमेरिकेतला विनोदी नट रॉबिन विल्यम्स 2014 ला गेला तेव्हा जगाने हीच गोष्ट सांगितली. नंतर शवविच्छेदनात मेंदूचा आजार निघाला, लेवी बॉडी नावाचा.

यात आपल्याला नवीन काही नाही. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तो सांगणाऱ्यालाच. भारूडकार साडी नेसून, बोंब मारून आधी लोकांना लोळवतो, पण वेदना स्वतःच्या अंगावर घेतो. समोरच्या बेवड्याकडे बोट दाखवून टाळ्या घेत नाही.

आता बोट दाखवून टाळ्या घेण्याचं काय होतं ते सांगतो. माझ्या चुलत बहिणीचे यजमान, आमचे दाजी, वीसेक वर्षं रोज पिणारे. गावात सप्ताह होता. कीर्तनकार हसवण्यात पटाईत. बेवडा घरी कसा येतो, बायकोला काय म्हणतो, गटारीत कसा पडतो, सगळं करून दाखवलं. मांडव हसून लोटपोट, आणि निम्मे लोक दाजीकडं बघून हसत होते. 'मनात आणलं तर एका दिवसात सुटते,' असं महाराज म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाजींनी माळ घातली. बहिणीने देवापुढं साखर ठेवली. तिसऱ्या रात्री तिचा मला फोन: 'अरे, यांना कायतरी दिसायलंय. भिंतीवर मुंग्या चालायल्यात म्हणतेत. हात असे थरथरायलेत की तांब्या धरवत नाही.' सासरच्यांनी बाहेरचं ठरवलं, देवऋषी आला, अंगारा झाला. पहाटे झटका आला तेव्हा कुठं जीप काढून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाचले.

डॉक्टरांनी बहिणीला समजावलं ते असं: रोज दारू मिळण्याची मेंदूला सवय झालेली असते; ती एकदम तोडली की मेंदू खवळतो, दोन-चार दिवसांत भास, ताप, झटके, जीवही जातो. अशा माणसाची दारू दवाखान्यात ठेवून, औषध आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन सोडवावी लागते. 'बटन'चंही तसंच, रोज खाणाऱ्याने एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात. म्हणजे महाराजांचं मन चांगलंच होतं, सल्ला तेवढा जीवघेणा होता.

ऑस्टिनमध्ये रोगनचं ऐकून कुणी बिथरला तर त्याला सावरायला जागा आहेत, महाग असल्या तरी. 988 हा मदतीचा नंबर फिरवला की माणूस बोलतो. भारतातही ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, 14416, मराठीतही बोलता येतं. आमच्या अख्ख्या माजी विद्यार्थ्यांत तो नंबर किती जणांना माहीत होता, हे विचारण्यात अर्थ नाही. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याला वर्षानुवर्षं काय मिळालं, तर 'येरवड्याला पाठवा रे याला' हा विनोद. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना असल्याचं दिसलं. डॉक्टरवाल्या गटाने हे लक्षात घ्यावं: डॉक्टर बोलवा म्हणणं सोपं, तालुक्यात तो आहे कुठं? आणि आला तरी पडद्यावर चाळीस तक्ते दाखवून मागच्या बाकांना झोपवतो, तेही आपण सोसलंय.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात शहाणं उदाहरण पु. ल. देशपांड्यांचं आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई हलले. पु. ल. गर्दवर व्याख्यानं देत फिरले असते तर सभागृहं ओसंडली असती. त्यांनी पैसे दिले, आणि डॉ. अनिता अवचटांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. आपल्या मकरंद अनासपुऱ्यांनी 2015 च्या दुष्काळात नाना पाटेकरांबरोबर हेच केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी गेले, मदत दिली, मग 'नाम' ही संस्था काढली. मनाचे सिद्धांत सांगत बसले नाहीत.

म्हणून माझं मत विनोदवीराच्या बाजूने पडलंय, पण अटी घालून. त्याने स्वतःचं किंवा घरातलं खरं काही भोगलं असेल तर ते सांगावं. नसेल तर पोरांना जमवावं, हसवावं, आणि माइक सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे द्यावा. औषधाचं नाव तोंडातून काढू नये, 'एका दिवसात' हा शब्द तर नाहीच. त्याच्या व्हिडिओंत एक झिंगलेला मामा कायम असतो, सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळतो. त्या मामाचे दारू सोडल्यावर तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागतात आणि मामी देवऋषी सोडून सिव्हिल हॉस्पिटलची वाट धरते, असा एक भाग त्याने केला तर त्याचा खर्च मी देतो.